खटक्यावर बोट, जाग्यावर रेट्रोफिट

कोल्हापुरात जुनं मशीन बघायला आलेला माणूस ते मशीन काय करतं हे विचारत नाही. तो विचारतो, "वजन किती?" पाच टन म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. दोन टन म्हटलं की "मग ते खेळणंच झालं की" असं म्हणून तो विषय बदलतो. वजन पसंत पडलं की तो मशीनच्या कॉलमवर तळहाताने एक दणदणीत थाप मारतो. त्या थापेतून त्याला नेमकं काय समजतं, हे उद्यमनगरात इतकी वर्षं उठबस असूनही मला उलगडलेलं नाही. पण थाप मारून झाल्यावर तो मान डोलावतो आणि व्यवहार पुढे सरकतो.

यात नवल करण्यासारखं काही नाही. हे गाव ओतकामावर उभं आहे. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार या मंडळींनी पाया घातला, शेतकऱ्याला ऑइल इंजिन आणि पंप लागत होते ते इथल्या भट्ट्यांनी पुरवले. मग शिरोली झाली, गोकुळ शिरगाव झालं, कागलची पंचतारांकित वसाहत झाली आणि आज देशभरातल्या गाड्यांच्या पोटात कोल्हापूरचं बीड फिरतंय. त्यामुळे इथल्या माणसाला बीडाची भाषा कळते. साध्या बीडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात आणि त्या कंप गिळून टाकतात, हे त्याला पुस्तक न उघडता माहीत असतं. ओतताना लोखंडाच्या अंगात जे ताण अडकतात ते काळाबरोबर सुटत जातात. पूर्वी तर मशीनची बेडं ओतून झाल्यावर महिनोन्‌महिने उन्हापावसात टाकून ठेवत आणि मगच त्यांना हत्यार लावत. म्हणजे 1985 सालच्या जपानी मिलिंग मशीनचं बेड आज ऐन भरात आलेलं असतं.

खासबाग मैदानाच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेला जुना वस्ताद बघावा तसं हे मशीन असतं. मान, खांदे, मांड्या सगळं जिथल्या तिथं. फक्त नाव विचारलं की गडी जरा थांबतो.

बिघडतं ते डोकं. कंट्रोल. पॅनेलमधले कपॅसिटर सुकतात, रिलेचे पॉइंट काळे पडतात, डीसी मोटरचे कार्बन ब्रश झिजून त्यांची काळी भुकटी आतच फिरत राहते. हिरव्या अक्षरांचा पडदा इतका मंद होतो की ऑपरेटर दोन्ही हातांची ओंजळ करून त्यात तोंड घालतो आणि आत आठ आहे की तीन यावर हेल्परशी वाद घालतो. आठ आणि तीनमधला फरक पाच मिलिमीटरचा असतो आणि पाच मिलिमीटरमध्ये कटरही जातो, जॉबही जातो आणि वाइसही जातो.

त्या काळच्या कंट्रोलची स्मरणशक्ती मीटरवर मोजत. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. जुन्या फानुक कंट्रोलच्या कागदपत्रांत मेमरी 40 मीटर, 80 मीटर अशीच लिहिलेली असते. आधी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून यायचा, इंचाला दहा अक्षरं या हिशोबाने. पट्टी गेली, भोकं गेली, पण माप राहिलं. 40 मीटर म्हणजे साधारण 16 हजार अक्षरं. आज सकाळी सहा वाजता आपल्या मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट जे 'शुभ प्रभात' येऊन पडतं, ते साठवायला हा कंट्रोल पुरणार नाही. आणि तेवढ्याच डोक्यावर या मशीनने तीस-चाळीस वर्षं पंपांच्या बॉड्या, गिअरबॉक्सची कव्हरं आणि एक-दोन मालकांच्या मुलींची लग्नं काढलेली असतात.

या स्मरणशक्तीचा जीव एका बॅटरीत असतो. मशीनला आपण कोण, आपले अक्ष किती, बॉलस्क्रूचा पिच काय, शून्य कुठे, हे सगळं पॅरामीटर म्हणून त्या मेमरीत असतं आणि मशीन बंद असताना ती मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी मरायच्या आधी कंट्रोल पडद्यावर सांगतो. एक दिवस नाही, आठवडेच्या आठवडे सांगत राहतो. पण शॉपमध्ये लुकलुकणाऱ्या अक्षराला कोण विचारतो? इथं ट्यूबलाइटसुद्धा लुकलुकते.

शेवटी कुणीतरी मनावर घेतं, आणि घोटाळा खरा इथेच होतो. ही बॅटरी मशीन चालू ठेवून बदलायची असते. वीज बंद करून बॅटरी काढली की मेमरीला दुसरा आधार उरत नाही. पण शॉपमध्ये एखादा सालस, शिकलेला, सेफ्टीचा कोर्स केलेला मुलगा असतोच. तो आधी मेन स्विच बंद करतो, त्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवतो, हातमोजे घालतो, शांतपणे बॅटरी काढतो, कॉन्टॅक्ट फडक्याने पुसतो, नवी घालतो आणि समाधानाने बटण दाबतो. मशीन जागं होतं. त्याला काहीही आठवत नाही. ज्या शॉपमध्ये सगळेच बेफिकीर असतात, तिथं ही वेळ सहसा येत नाही.

आता पॅरामीटर पुन्हा भरायचे. त्याची यादी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. ती कुणी लिहिली, तो माणूस आता कुठल्या गावाला असतो, हे कुणाला सांगता येत नाही. कागद कूलंटने पारदर्शक झालेला असतो, त्यामुळे पुढच्या पानावरचे आकडेही याच पानावर वाचता येतात. असा एक कागद वाचला जाताना मी हजर होतो. वायरमन कीबोर्डवर, शॉपचे मालक आण्णा यांचा पुतण्या कागद घेऊन स्टुलावर.

"पुढचा?"

"शून्य शून्य शून्य एक, शून्य शून्य एक शून्य."

"टाकला. पुढचा?"

"तीन हजार."

"टाकला. पुढचा?"

एवढ्यात चहावाल्या पोराने दारातून विचारलं, "किती?"

"सहा," पुतण्या म्हणाला.

"टाकला," वायरमन म्हणाला.

त्यानंतर झेड अक्ष जे वागला त्याचं कारण शोधण्यात तिसरा प्रहर गेला. चहा मात्र बरोबर सहाच आले.

अशी दोन-तीन वर्षं गेली की घरात विषय निघतो: नवं घ्यायचं का? इथे आण्णांचा हिशोब ऐकण्यासारखा असतो. नवं व्हीएमसी 30 लाखाला पडतं असं कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा वजन विचारलं. पाच टन. आण्णांनी भागाकार तोंडी केला. "म्हंजे किलोला सहाशे रुपये? आपण कास्टिंग काय भावानं देतोय, ठाऊक हाय न्हवं?" नव्या मशीनचा विषय तिथेच संपला. मग रेट्रोफिटचं, म्हणजे जुन्या मशीनला नवं डोकं बसवण्याचं, कोटेशन आलं: नवा कंट्रोल, एसी सर्व्हो मोटरी, ड्राइव्ह, केबल, पॅनेल मिळून सहा लाख. आण्णांनी पुन्हा वजन विचारलं. पुतण्या म्हणाला, "सगळं मिळून चाळीस किलो असंल." आण्णा बराच वेळ गप्प बसले. किलोला पंधरा हजार रुपये हा आकडा ओतकामाच्या घरात पचायला वेळ लागतो.

पुतण्या शिकलेला. त्याने तिसरा मार्ग सुचवला. "आण्णा, लिनक्ससीएनसी म्हणून एक हाय. साधा कॉम्प्युटर घ्यायचा, एक कार्ड घालायचं, सॉफ्टवेअर फुकट."

"फुकट?"

"व्हय. एकदम फुकट."

"आणि वजन?"

"सॉफ्टवेअरला कसलं वजन, आण्णा?"

"म्हंजे पैसं न्हाईत, वजन न्हाई. मग ते हाय कुठं?"

खरं म्हणजे ते चांगलं भक्कम आहे. अमेरिकेच्या सरकारी मोजमाप संस्थेने 1990 च्या दशकात हा कंट्रोल लिहिला आणि जनरल मोटर्सच्या एका कारखान्यातल्या जुन्या मशीनवर बसवून तपासला. सरकारी खर्चाने लिहिलेला म्हणून तो सगळ्यांना मोकळा मिळाला. पुढे जगभरच्या हौशी आणि कामाच्या माणसांनी तो वाढवला. त्याची एकच अट असते: कॉम्प्युटरने हाकेला ओ वेळेवर दिली पाहिजे, आणि तीही सेकंदाच्या काही लाखांशाच्या आत. म्हणून मशीनला लावण्याआधी त्या कॉम्प्युटरची लेटन्सीची परीक्षा घेतात. दिसायला देखणे, महागडे लॅपटॉप या परीक्षेत नापास होतात आणि सायबर कॅफे बंद पडल्यावर भंगारात निघालेला डबा पहिल्या वर्गात पास होतो. एके काळी तर हजारो मशीनं कॉम्प्युटरच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टवरून चालत. म्हणजे कागदावर बिल छापायचं ते भोक, आणि त्यातून टनावारी लोखंड इकडून तिकडे.

पण आण्णांचा प्रश्न बिनतोड होता. "बँकेला काय सांगायचं? फुकट वस्तूचं कोटेशन कुठनं आणायचं?" कर्जाच्या फॉर्ममध्ये शून्य लिहायला रकानाच नसतो. शेवटी मोठ्या मशीनला तयार कंट्रोल घ्यायचं ठरलं आणि पुतण्याला त्याच्या लिनक्ससाठी मागच्या शेडमधलं एक छोटं मिलिंग मशीन आंदण मिळालं.

पुण्याकडची मंडळी रेट्रोफिटला 'जुगाड' म्हणतात आणि म्हणताना नाक किंचित वर करतात. त्यांच्यासाठी एक माहिती. जगातलं पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीने 1952 साली लोकांना दाखवलं. ते त्यांनी नवं बनवलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल नावाचं एक तयार मिलिंग मशीन घेतलं आणि त्याला स्वतःचा कंट्रोल जोडला. त्या कंट्रोलमध्ये 292 व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याने मशीनपेक्षा जास्त जागा अडवली होती. म्हणजे सीएनसी नावाच्या अख्ख्या खानदानाचा मूळ पुरुष रेट्रोफिट आहे. त्या प्रयोगातल्या कुणालाही आण्णांनी आधी वजन विचारलं असतं, तर कंट्रोलचं वजन ऐकून त्यांना बरं वाटलं असतं एवढाच काय तो फरक.

आणि कोल्हापूरला तर हे सांगायला नको. 1918 च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' काढून दाखवला. परदेशातलं यंत्र आधी नीट बघायचं आणि मग आपलं आपण करायचं, ही इथली जुनी खोड आहे.

असो. मशीन उघडण्याचा दिवस. जुन्या मशीनचं पॅनेल उघडलं की आत इलेक्ट्रॉनिक्सच्या आधी इतिहास सापडतो. लिंबू-मिरची, उदबत्तीचा अर्धा पुडा, खंडेनवमीचा वाळका झेंडू, उंदराने कापसाच्या वेस्टचं केलेलं बाळंतघर, आणि एक स्क्रू ड्रायव्हर, ज्याच्या चोरीवरून पूर्वी दोन माणसं काम सोडून गेलेली असतात. वायरिंगचा नकाशा असतो, पण तो जपानीत. वायरींवर नंबरांचे फेरूल असतात, पण पूर्वी कधीतरी कुणी 'तात्पुरती' दुरुस्ती केलेली असते आणि त्या दुरुस्तीच्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या असतात. कारण त्या दिवशी शॉपमध्ये तेवढाच रोल होता. तेव्हा वायरमन मोबाइलवर फोटो काढतो, भरपूर काढतो आणि मग दणादण सगळं कापतो. संध्याकाळी फोटो बघताना टर्मिनल स्ट्रिपच्या फोटोनंतर थेट भाचीचं बारसं येतं आणि त्यानंतर नुसतं रिकामं पॅनेल.

याच वेळी एक गुपितही बाहेर पडतं. मशीनचे निम्मे सेफ्टी स्विच कित्येक वर्षं बायपास केलेले असतात. दार उघडं असलं तर मशीन थांबावं म्हणून जो स्विच असतो त्याच्या दोन वायरी कुणीतरी पिळून, वर टेप गुंडाळून, आतल्या बाजूला निजवलेल्या असतात. बेडच्या टोकाचा लिमिट स्विच चिप्समध्ये गाडला गेलेला असतो. तेलाचा पंप तेल देतोय असं दाखवतो, पण नळी मधेच कुठेतरी तुटलेली. जुन्या कंट्रोलने हे सगळं निमूट सोसलं. नवा कंट्रोल सोसत नाही. त्याला पहिल्यांदा वीज दिली की तो अलार्मची एक लांबलचक यादी वाचतो: दार उघडं, हवा कमी, तेल कमी, लिमिट तुटलं. आण्णांची प्रतिक्रिया ठरलेली. "कालपर्यंत चांगलं चालत हुतं की! ह्यो आला आणि आजारी पडलं!"

मग मोटर पहिल्यांदा फिरवायची. या क्षणासाठीच कोल्हापुरात ती प्रसिद्ध घोषणा जन्माला आली असावी असं माझं मत आहे. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. खटका म्हणजे तो लाल, गोल, वाटीएवढा इमर्जन्सी स्टॉप. एका माणसाने त्याच्यावर बोट ठेवून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी दोन पावलं मागे. कारण सर्व्होचा स्वभाव असा: कंट्रोल म्हणतो, इथे जा. एन्कोडर सांगतो, इतका गेलो. दोघांत फरक असेल तर मोटर तो फरक भरून काढते. आता एन्कोडरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या असतील, तर मोटर ज्या बाजूला जाते त्याच्या उलट बातमी वर पोचते. कंट्रोल म्हणतो, अरे, अजून जोर लाव. ती जोर लावते. फरक वाढतो. कंट्रोल आणखी जोर लावायला सांगतो. चूक दुरुस्त करण्याच्या भरात चूक वाढवत नेण्याची ही कला आपण इतर क्षेत्रांतही पाहतो, पण तिथं खटका नसतो. इथं तीनशे किलोचं टेबल सुसाट सुटतं, खटका दाबला जातो, टेबल जागच्या जागी हबकून थांबतं आणि सगळे एकमेकांकडे न बघता म्हणतात, "दोन वायरी बदलायच्या, बाकी कायबी न्हाई."

वायरी बदलल्या की मशीन शहाण्यासारखं चालायला लागतं आणि मग त्याचं खरं वय कळतं. नवा कंट्रोल मायक्रॉनमध्ये बोलतो. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. बॉलस्क्रू मात्र चाळीस वर्षं झिजलेला. डायल लावून बघितलं की कळतं, दिशा बदलली की टेबल लगेच निघत नाही, सहा शतांश मिलिमीटर नुसतं विचार करतं. हाच बॅकलॅश. आपण आकडा भरायचा, कंट्रोल तेवढं जास्त ढकलतो आणि सगळे खूश. पण लगेच दुसरी अडचण येते. वाइस कायम टेबलच्या मधोमध बांधलेला असतो, त्यामुळे स्क्रू झिजतो तोही मधेच. मधलं माप भरलं तर कडेला ते जास्त होतं, कडेचं भरलं तर मधे कमी पडतं. याचा पुरावा मशीन स्वतःच देतं. एक मोठं गोल भोक फिरवून घ्या. दिसायला गोल, पण आतून नख फिरवलं तर बारा, तीन, सहा आणि नऊ वाजण्याच्या जागी चार बारीक ओरखडे लागतात. तिथे एकेक अक्ष दिशा बदलतो. ऑपरेटर हे गिऱ्हाइकाला सांगत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही; त्याच्या स्वतःच्या मशीनवर ते आठ वाजताही लागतात.

याचा इलाज एकच, स्क्रू ग्राइंड करून घ्यायचा किंवा नवा घालायचा. रेट्रोफिटच्या कोटेशनमध्ये ही ओळ अगदी खाली, बारीक अक्षरांत असते आणि ती सगळ्यांना नेमकी या दिवशी दिसते.

शेवटची लढाई शेजाऱ्याशी. मशीन तसं उत्तम चालतं, पण दुपारी विशिष्ट वेळी वाय अक्ष थरथरतो. कंट्रोलवाल्याला फोन, ड्राइव्हवाल्याला फोन. दोघंही एकमेकांचे नंबर देतात. मग एका सुज्ञ म्हाताऱ्या वायरमनच्या लक्षात येतं की पलीकडच्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टी सुरू झाली की हे होतं. भट्टी विजेच्या लाटा वेड्यावाकड्या करते, केबलवरून ती घाण सिग्नलमध्ये शिरते आणि बिचाऱ्या एन्कोडरला नसलेले आकडे ऐकू येतात. उपाय परीक्षेत लिहायचा असेल तर सोपा: सिग्नलच्या केबल पॉवरच्या केबलपासून लांब न्यायच्या, त्यांच्या जाळीला अर्थ द्यायचा आणि मशीनचं अर्थिंग वेगळं, स्वच्छ घ्यायचं. प्रत्यक्षात अर्थिंगचा खड्डा शॉपच्या मागे टायरच्या ढिगाखाली असतो. तो उकरायचा, मीठ-कोळसा भरायचा आणि उन्हाळ्यात रोज त्यात बादलीभर पाणी ओतायचं. हे पाणी ओतायची जबाबदारी आण्णांनी स्वतःकडे घेतली. या सगळ्या सहा लाखांच्या कारभारात त्यांना पटलेली ही एकमेव गोष्ट. जमीन, मीठ, कोळसा, पाणी. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि वजन करता येतं.

रेट्रोफिट परवडतं का, याचं माझं उत्तर सरळ आहे. बेड, स्लाइड आणि स्पिंडल शाबूत असेल आणि स्क्रूचा खर्च पहिल्या दिवशीच हिशोबात धरला असेल, तर डोळे झाकून करा. स्लाइड खचल्या असतील तर त्या मशीनला कितीही हुशार कंट्रोल लावा, तो चुकीच्या जागी जाईल आणि ती जागा चार दशांश स्थळांपर्यंत अचूक सांगेल.

आणि ज्यांचं रेट्रोफिट झालेलं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. नव्या कंट्रोलचे पॅरामीटर फ्लॅश मेमरीत असतात, त्यांना बॅटरी लागत नाही, असं सांगून विकणारा निघून जातो. ते काही कंट्रोलांपुरतं खरं आहे. पण नव्या सर्व्होंचे अ‍ॅब्सोल्युट एन्कोडर आपलं शून्य लक्षात ठेवतात ते बहुतेक वेळा बॅटरीवरच, आणि ती ड्राइव्हपाशी एका छोट्या झाकणामागे असते. ते झाकण शोधून ठेवा. बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह घरी न्या. पॅनेलमध्ये ठेवू नका. बॅटरीचा अलार्म आला की त्याच दिवशी बदला. शॉपमधल्या त्या सालस मुलाला जवळ बसवून दाखवा: मेन स्विच चालू, मशीन चालू, मगच झाकण उघडायचं.